घडीमोड

ऑक्टोबर आला की आमच्या गल्लीत पानं उडवायचे लीफ ब्लोअर सुरू होतात. शनिवारी चहाला उकळी फुटायच्या आत एका अंगणातून घरघर निघते, मग दुसऱ्यातून, आणि याची पानं त्याच्या दारात, त्याची याच्या दारात असा उद्योग दुपारपर्यंत चालतो. तो आवाज मला आवडायचा असं नाही, पण चालायचा. जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाच्या सगळ्यांसारखे आम्हीही गाडी काढून उत्तरेच्या डोंगरात जायचो, लाल-पिवळ्या झाडांपुढे उभं राहून फोटो काढायचो, सफरचंदांची पिशवी घेऊन परतायचो. गेल्या वर्षीपासून मात्र झाडं लाल व्हायला लागली की माझे कान लाल होतात. आधी पाळ्या गरम होतात, मग मान. घरात एकटी असले तरी कुणीतरी बघतंय असं वाटतं, आणि मी उगाच ओटा पुसायला घेते.

मराठीत या भावनेला शब्द पुष्कळ आहेत. लाजणं हे गोड प्रकरण, त्याची गाणीबिणी होतात. वरमणं चारचौघांत होतं आणि चारचौघं पांगली की संपतं. खजील झालेला माणूस डोकं खाजवतो आणि पुढच्या वेळी सावध राहतो. ओशाळणं मात्र चिवट. दुधाचं पातेलं एकदा करपलं की कितीही घासा, पुढच्या दुधाला वास येतोच. तसं ते. माझं पातेलं गेल्या ऑक्टोबरात करपलं.

समोरच्या घरात इवेट राहते. साठीच्या पुढची, उंच, केस अगदी बारीक कापलेले, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. ती राहायला आली तेव्हा आमच्या देशी मंडळींत फोनाफोनी झाली होती. "समोर कोण आलंय?" हे विचारताना प्रत्येकाचा आवाज खाली जायचा. बोलणं मराठीत, दार बंद, समोरच्या बाईला मराठीतला म कळत नाही, तरी आवाज खाली. "ते लोक आहेत," एवढं म्हणायचं आणि पुढचं वाक्य पुरं करायचं नाही. मीही म्हटलेलं आहे, कशाला सोवळेपणा करू? समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत समोरच्याबद्दल बोलण्याची आम्हाला इथे इतकी सवय झाली आहे, की ती सवय एक दिवस उलटी फिरेल हे डोक्यातच येत नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. सरकारी कचेरीत आयुष्यभर कारकुनी केलेली बाई, रिकामं बसणं ठाऊक नाही. आल्या त्याच आठवड्यात खिडकीशी उभ्या राहून ओरडल्या, "अनघा, ही समोरची बाई ड्राइव्हवेवर कुरडया घालतेय का गं?"

मी जाऊन पाहिलं. इवेटच्या गॅरेजमधून दोऱ्यांचा एक अरुंद पट्टा निघून पार रस्त्यापर्यंत ताणलेला होता, आणि रस्त्याकडच्या टोकाला बिडाचा तवा बांधलेला होता. गॅरेजच्या आत इवेट एका बुटक्या मागावर बसून विणत होती. पश्चिम आफ्रिकेतल्या विणकरांची ती पद्धत. तिथल्या मागावर आपल्यासारखं रुंद कापड निघत नाही, चार बोटं रुंद पट्टी निघते, लांबच लांब. अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की त्यांचं अंगभर पांघरायचं वस्त्र होतं. उभे दोरे विणकराच्या पुढ्यात दूरवर पसरतात आणि त्यांना ताण राहावा म्हणून टोकाला वजन ठेवतात. तिकडे दगड असतो, इवेटनं आजीचा तवा ठेवला होता. सोसायटीच्या कमिटीकडून तिला त्याबद्दल एक गोड नोटीसही आली होती. ती तिनं उभी फाडली आणि विणून टाकली.

कारण ती काहीही विणते. तिच्या आईच्या नर्सच्या गणवेशाच्या चिंध्या, चर्चला घालायच्या टोप्यांच्या रिबिनी, ब्रेडच्या पिशव्या, मेलेल्या चार्जरच्या वायरी. पद्धत पूर्वजांची, माल आजचा. मी एकदा तिला विचारलं होतं की तुझे पूर्वज विणकर होते का. "कोण जाणे," ती म्हणाली. "कुठल्या गावातून त्यांना धरून आणलं हे मला कधीच कळणार नाही. विणकर होते की कोळी होते, तेही नाही. म्हणून मी घानाला गेले आणि एका म्हाताऱ्या विणकराच्या पायाशी बसले. तिथं मागावर पुरुष बसतात. तो हसला आणि सरकून मला जागा दिली. रक्तानं मी कुणाची लागते ते माहीत नाही, हातानं तरी कुणाची तरी लागेन." हे ती इंग्रजीत म्हणाली, पण मला ते मराठीतच आठवतं.

आई रोज दुपारी तिच्या गॅरेजमध्ये जायला लागल्या. कापसाची पिशवी घेऊन जायच्या आणि तिथे बसून वाती वळायच्या. इवेट विणायची. आई मराठीत बोलायच्या, तेही मोठ्यांदा, जणू आवाज वाढवला की भाषा कळते. इवेट इंग्रजीत उत्तरं द्यायची. 'इवेट' त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिचं नाव अवंती ठेवलं, आणि तीही 'ओ' देऊ लागली. मग आईंनी तिच्या कांड्या भरायला घेतल्या. आडवा दोरा फेकायच्या धोट्यात बसते ती दोऱ्याची छोटी नळी म्हणजे कांडी. आई ती इतकी सैल भरायच्या की दोरा पहिल्या फेकीलाच निसटायचा. इवेट त्यांना काही म्हणाली नाही. आई घरी आल्या की ती सगळ्या कांड्या पुन्हा भरायची. मला हे खिडकीतून दिसायचं आणि गंमत वाटायची.

एकदा इवेटनं उभ्या आणि आडव्या दोऱ्यांना तुमच्याकडे काय म्हणतात असं विचारलं. आई म्हणाल्या, ताणा आणि बाणा. मला राहवेना, मी बाणा या शब्दाचा दुसरा अर्थही सांगितला. मराठी बाणा, अभिमान, पीळ, आमच्या मंडळाच्या टी-शर्टवर छापतात तो. इवेट धोटा हातात धरून हसत सुटली. "म्हणजे तुमचा अभिमान आडवा जातो?" आईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आडवाच जातो गं बाई. आमच्याकडे सगळे त्यालाच अडखळून पडतात."

हे सगळं इतकं सहज चाललं होतं, की मला वाटायचं त्यात मी पूल आहे. दोन्हीकडची भाषा येणारी एकटी मीच ना. सप्टेंबरात या पुलाला पहिली चीर गेली. इथल्या दुकानांत त्या सुमाराला सजावटीच्या सामानात कापसाच्या फांद्या येतात, वाळकी बोंडं आणि त्यात पांढराशुभ्र कापूस. आई हरखल्या. "अवंतीला नेऊ या. दोघी मिळून वाती करू." मी इतकी वर्षं जॉर्जियात काढलेली. गाडी शहराबाहेर काढली की दोन्ही बाजूंना पांढरी शेतं दिसतात, ती एकेकाळी कुठल्या गुलामांच्या हातांनी वेचली गेली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी फांदीची किंमत पाहिली, परवडते म्हटलं आणि गाडीत टाकली. आईंनी ती इवेटच्या हातात दिली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला ती शेतं आठवली.

इवेटनं फांदी खाली ठेवली नाही. आपल्या बोटाची पेरं आईंना दाखवली आणि हळूहळू सांगितलं, की तिची आजी दक्षिण जॉर्जियात लहानपणापासून दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची, वाळक्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, बोटं फाटायची, रक्त कापसाला लागलं तर बोलणी बसायची. आजीनं पुढे घरात कापसाचं फूल म्हणून कधी येऊ दिलं नाही. मी आईंना भाषांतर करून दिलं, "त्यांच्या आजी शेतात कामाला होत्या."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "एवढंच नाही म्हणाली ती." आणि पुढे होऊन त्यांनी इवेटचं ते बोट आपल्या मुठीत धरलं, पोराला लागल्यावर धरतात तसं. बऱ्याच वेळानं इवेटनं बोंडातला कापूस ओढून काढला आणि आईंच्या मांडीवर ठेवला. त्याची वात आईंनी त्या दिवशी संध्याकाळी देवापाशी लावली. कुणाच्या नावानं लावली ते मी विचारलं नाही, विचारायचं धैर्यच नव्हतं.

त्याच महिन्यात इवेटनं गल्लीतल्या सगळ्यांकडे कापड मागितलं. प्रत्येक घराची एक पट्टी विणायची, आणि सगळ्या पट्ट्या जोडून नोव्हेंबरात गावच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये एक मोठं वस्त्र टांगायचं. प्रत्येक पट्टीत तिच्या गुरूनं स्वतः रंगवून दिलेल्या निळ्या सुताचे चार-दोन धागे असणार होते. गुरू त्या उन्हाळ्यात वारला होता. ते सूत आता संपत आलं होतं, आणि पुन्हा मिळणार नव्हतं.

मी काय दिलं? आमच्या घरी जेवणघरातल्या कपाटाला एक खण आहे, देण्याघेण्याचा. प्रत्येक मराठी घरात असतो. त्यात ओटीत आलेले ब्लाउजपीस असतात. ते कुणी शिवत नाही, शिवायचे नसतातच. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे ते फिरत राहतात. मी दिलेला मरून पीस वर्षभरानं फिरून माझ्याच ओटीत आलेला मी पाहिला आहे. त्यातलाच एक पॉलिस्टरचा मी इवेटला काढून दिला. आईंनी आपली धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आणली, नातवाच्या दुपट्यासाठी जपलेली. "नातू आता कॉलेजात गेला," म्हणाल्या आणि दातांनी काठ तोडून टर्रकन फाडली.

पट्टी विणून झाल्यावर इवेटनं ती आमच्याकडे राहायला दिली. हो, राहायला. तिकडे म्हणे कापडाला नाव असतं, एखादी म्हण, एखादी घडलेली गोष्ट. प्रत्येक घरानं आपली पट्टी काही आठवडे घरात वागवायची, उघड्यावर, हात लागेल अशी, आणि मग तिला नाव द्यायचं. मी नेटवर संस्कृत सुभाषितं शोधत बसले. आई म्हणाल्या, "घडीमोड म्हण." नवी साडी आणली की आपण ती आपल्या जिवाभावाच्या बाईला आधी नेसायला देतो ना, तू घडी मोड म्हणून. मला ते फार घरगुती वाटलं. पण इवेटला मी गंमत म्हणून सांगितलं, तर तिनं ते माझ्याकडून तीन-तीनदा म्हणवून घेतलं. "नवं कापड आधी दुसऱ्याच्या अंगावर?" एवढंच ती म्हणाली आणि आईंकडे बघत राहिली.

आणि ती पट्टी मी उघड्यावर ठेवली नाही. पाहुणे यायचे होते, सोफ्यावर पसारा नको, म्हणून हाताशी आलेल्या खणात टाकली. खण कुठला होता ते सांगायला नकोच.

पाहुणे म्हणजे कल्पना आणि तिचा नवरा. कल्पना माझी जुनी ऑफिसातली मैत्रीण, आता दुसऱ्या राज्यात, हर्नडनला असते. नवरात्रात वीकएंडला आली होती. निघताना आईंनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ-तांदूळ काढले. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. सर्व्हर पडला होता आणि सगळे एकमेकांवर ढकलत होते. आई दारात आल्या. "अनघा, ओटीला पीस संपलेत गं. काय देऊ?" मी म्यूट केलं, मान न वळवता हात झटकला. "खणातलं काहीही द्या हो आई. काहीही."

त्यांनी खणातलं सगळ्यात चांगलं होतं ते दिलं. निम्मी पट्टी त्यांच्याच साडीची होती. घडी मोडायला दिली.

दोन आठवड्यांनी इवेटनं पट्ट्या जोडायला परत मागितल्या तेव्हा मी खण उघडला, तर पट्टी नव्हतीच. कल्पनाला फोन लावला. आधी तिला कळेचना. "कुठली पट्टी? अगं ती हँडलूमची बॉर्डर का? यार, ती मी नणंदेला पास ऑन केली. कोजागिरीला आली होती ना ती शॉमबर्गहून, हातात द्यायला काही नव्हतं." तिसऱ्याच राज्यातल्या या शॉमबर्गच्या नणंदेचं नाव मीनल. मी तिला आयुष्यात पाहिलेली नाही. तिनं आनंदानं फोटोच पाठवला. तिच्या लेकीचा परकर, आणि त्याला खाली काठ म्हणून लावलेली आमची पट्टी, तुकडे करून, घेरात बसवून. "इतकं सुंदर कापड लोक कपाटात कसे ठेवतात?" तिनं लिहिलं होतं. तीन घरांत तिनं एकटीनं ते कापड वापरलं होतं, आणि मी तिच्याकडे ते उसवून मागत होते. तिनं बिचारीनं उसवून, इस्त्री करून पाठवलं. "मुलीला काय सांगू तेवढं सांगा," फोनवर म्हणाली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच, फरक एवढाच की आमच्याकडे तुळशीपत्रानंही तीन राज्यं पालथी घातली.

दिवाळी तोंडावर आली होती. मी ते तुकडे एका पिशवीत घातले. आईंना म्हटलं, चला, इवेटकडे जाऊन येऊ. त्यांनी चकलीचा डबा घेतला. पिशवीत काय आहे ते त्यांना माहीत होतं, मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्या दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या. "मी सांगते अवंतीला माझ्या तोंडानं. तू नुसतं इंग्रजी कर," असं त्या वाटेत म्हणाल्या. वाट म्हणजे काय, रस्ता ओलांडायचा.

इवेटनं दार उघडलं. पिशवीतले तुकडे पाहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत जो प्रश्न होता, त्याचं उत्तर मला अगदी सोपं होतं. पट्टी परत द्यायची आहे हे मी आईंना सांगितलं नव्हतं. मी उघड्यावर ठेवलं नव्हतं. मी म्हटलं होतं काहीही द्या. ही तीन वाक्यं मला दोन्ही भाषांत येतात. आई बोलायला तोंड उघडतच होत्या. त्यांच्या आधी मी हसले, आणि म्हणाले, "शी इज ओल्ड, इवेट. शी गेट्स कन्फ्यूज्ड. शी जस्ट गिव्ज थिंग्ज अवे."

आई शेजारी उभ्या होत्या. डबा दोन्ही हातांत धरून, इवेटकडे बघत, हसऱ्या चेहऱ्यानं. त्यांच्यासमोर, त्यांच्याबद्दल, त्यांना कळत नाही म्हणून.

इवेट म्हणाली, "मी तिला हे सूत कुणाचं ते हातानं दाखवलं होतं. तिला समजलंय असं मला वाटलं होतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तिनं पिशवी घेतली, थँक यू म्हणाली आणि दार लावलं. चकलीचा डबा आईंच्याच हातात राहिला.

"काय म्हणाली?" आईंनी विचारलं.

"ठीक आहे म्हणाली," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई दुपारी पिशवी घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या. "अवंती कामात आहे," म्हणाल्या. पुढच्या दिवशीही कामात होती. मग त्या खिडकीशी खुर्ची घेऊन वाती वळायला लागल्या. गॅरेजमधून माग दिसायचा, पुढ्यात ताणलेले दोरे दिसायचे. डिसेंबरात पुण्याला जाईपर्यंत त्यांनी वातींचे एवढे गठ्ठे केले, की अजून मला विकत आणाव्या लागलेल्या नाहीत. मी रोज संध्याकाळी त्यातली एक लावते. देवासमोर डोळे मिटले की देव दिसत नाही, ती खुर्ची दिसते.

मला ते सुधारता आलं असतं. रस्ता तर ओलांडायचा होता. पण सर्व्हर पुन्हा पडला, मग थँक्सगिव्हिंग आलं, मग आईंची बांधाबांध. खोटं सांगायला एक क्षण पुरतो, खरं सांगायला मात्र सवड काढावी लागते. मी सवड काढली नाही. आतून मला हेही ठाऊक होतं की असंच राहिलं तर माझं काही बिघडत नाही. आई जातील. इवेट मला रस्त्यात हाय म्हणेल. म्हणायचीही.

लायब्ररीतल्या उद्घाटनाला आई आल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या. हॉलच्या भिंतीवर ते भलंमोठं वस्त्र टांगलं होतं, गल्लीतल्या सगळ्या घरांच्या पट्ट्या एकमेकींना खेटून. आमची पट्टी इवेटनं तुकड्यांतूनच जोडली होती, आणि शिवण लपवली नव्हती. लालभडक दोऱ्यानं, मोठ्या टाक्यांनी घातली होती, दुरूनही दिसावी अशी. शेजारच्या पाटीवर नाव होतं, घडीमोड. तिनं ते तसंच ठेवलं होतं. कुणी एक बाई वाईनचा ग्लास घेऊन माझ्यापाशी आल्या. "ही तुमच्या घराची? सगळ्यांत धीट तुमचीच आहे. हे कापून पुन्हा जोडणं, स्थलांतराची किती बोलकी कल्पना!" मंडळातल्या दोघीतिघी माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी "थँक यू" म्हणाले. इवेट मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली.

या वर्षी आई आल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, विमानात बसवत नाही. परवा शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे फोन लावला. तिकडे दिवेलागणीची वेळ. औषधं, कामवाली, शेजारच्यांच्या मुलाचं लग्न असं सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, "अवंती कशी आहे गं? विणते का अजून?"

"विणते," मी म्हणाले. खिडकीतून दिसतच होती.

"तिला माझा नमस्कार सांग." मग अगदी सहज, भाजीत मीठ कमी होतं हे सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "आणि कन्फ्यूज मला कळतं गं अनघा. आमच्या कचेरीत दिवसातून दहा वेळा म्हणायचे लोक. ओल्ड पण कळतं."

कान, मान, छाती, सगळं पेटलं. कसंबसं म्हटलं, "आई, मग तुम्ही बोलला का नाहीत? तेव्हाच? मला निदान घरी येऊन—"

"काय बोलायचं? तुला त्या गल्लीत राहायचंय. मी काय, सहा महिन्यांची पाहुणी. मला वाईट समजून ती तुझ्याशी बोलत राहिली, तर हरकत काय?" आणि मग जरा हळू, "माझ्या दुपारी तेवढ्या गेल्या."

मी म्हटलं, "आई, फोन ठेवू नका." पायात सपाता होत्या त्याच घालून निघाले. इवेट मागावर होती. रस्ता ओलांडून मी तिच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं. खण सांगितला, कॉल सांगितला, काहीही द्या म्हणाले ते सांगितलं. आई कन्फ्यूज्ड नव्हत्या, मी खोटं बोलले, त्या स्वतः सांगणार होत्या आणि मी त्यांच्या आधी बोलले, हेही सांगितलं. तोडकंमोडकं नाही, माझं इंग्रजी चांगलं आहे, तेच तर.

इवेटचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, गॅरेजच्या दाराकडे बघत होती. "ती रोज यायची," ती म्हणाली. "इथे उभी राहायची, पिशवी घेऊन. आणि मी तिला म्हणायचे—" तिनं वाक्य पुरं केलं नाही. तिच्या मानेवरची शीर हलत होती. माझी लाज मी वर्षभर माझी एकटीची समजत होते. त्यातली निम्मी मी तिच्या दारात नेऊन टाकली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

मग तिची नजर माझ्या हातातल्या फोनकडे गेली. "तीच आहे?"

"हो. थांब, मी त्यांना सांगते तू काय—"

"नो," इवेट म्हणाली. "यू डोन्ट ट्रान्सलेट."

तिनं फोन माझ्या हातातून घेतला. पलीकडून आईंचा तो मोठा आवाज आला, "कोण? अवंती?" इवेट उठली, माझ्याकडे पाठ केली आणि फोन कानाशी धरून घरात गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून दोघी एकदमच बोलत असल्याचं ऐकू येत होतं, एक मराठीत, एक इंग्रजीत, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. मग बोलणं तुटत गेलं आणि हुंदका ऐकू आला. तो घरातला होता की फोनमधला, ते मला बाहेरून कळेना, आणि आत जाऊन विचारायचा हक्क मला नव्हता.